तीनदा विकली गेलेली खुर्ची

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
छोट्या धंद्यांच्या साहित्याचे ऑनलाइन लिलाव केंद्र,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला (लिफ्ट बंद असते).

विषय : लिलावात चढी बोली लावून नंतर पैसे न भरणाऱ्या बोलीदारांना आवर घालणे व अर्जदाराच्या दुकानाचे नाव ‘अविश्वासू विक्रेते’ या यादीतून काढणे याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांना आलेले ‘आपला अर्ज मिळाला’ हे उत्तर, दोनदा. ३) आपल्या कार्यालयाचे गेल्या आठवड्यातील पत्र, ज्यामुळे हा तिसरा अर्ज लिहायची पाळी आली.

महोदय किंवा महोदया,

(आपण यांपैकी कोण आहात हे फोनवर कोणी सांगत नाही. ‘साहेब जागेवर नाहीत’ आणि ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’ अशी दोन्ही उत्तरे मिळाली आहेत. मान दोघांनाही सारखाच आहे असे समजावे.)

आपल्या छापील सूचनेप्रमाणे अर्जात ‘मी’ न लिहिता ‘अर्जदार’ असे लिहायचे आहे. तसेच लिहिले आहे. बरेच झाले, कारण हे सगळे दुसऱ्याच कोणाच्या तरी बाबतीत घडले असे अर्जदाराला तेवढ्यापुरते वाटून घेता येते.

१. अर्जदार केशकर्तनाचा व्यवसाय करतो, म्हणजे साध्या भाषेत केस कापतो. कापत होता, असे म्हणणे जास्त खरे. हात थरथरायला लागल्यापासून वस्तरा खाली ठेवला आहे. थरथरत्या हातापुढे कोणी मान पुढे करत नाही, आणि करूही नये. दुकान आता अर्जदाराची लेक चालवणार आहे. ती एका मोठ्या पार्लरमध्ये नोकरीला होती. ती नोकरी सोडून तिने बापाच्या दुकानात स्वतःचे पार्लर काढायचे ठरवले. पाटी नवीन रंगवली, पण नाव जुनेच ठेवले. ‘बाबा, लोक नावावर येतात,’ असे ती म्हणाली. अर्जदाराला त्या दिवशी जेवण गेले नाही, आनंदाने.

२. अडचण एकच होती, ती म्हणजे खुर्ची. दुकानाच्या मधोमध, जिथे केस धुवायचे बेसिन बसवायचे, नेमकी तिथे अर्जदाराची खुर्ची उभी होती. ओतीव लोखंडाची, तांबड्या रेक्झिनची, लिव्हर दाबला की सुस्कारा टाकत वर जाणारी, आणि चार बोल्टांनी जमिनीला जखडलेली. दोन माणसांना ती हलत नाही. तिसरा लागतो, तो नुसता ओरडायला. तिच्यासोबत एक लाकडी फळी आहे. लहान मूल आले की ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची आणि वर मुलाला बसवायचे. फळीच्या कडांचा रंग मुलांच्या मुठींनी उडाला आहे. त्यातल्या पहिल्या मुठी अर्जदाराच्या लेकीच्या होत्या.

३. लेकीने भंगारवाल्याला बोलावले होते. त्याने खुर्चीला पायाने ढोसले आणि ‘किलोवर घेऊ’ म्हणाला. ज्या खुर्चीवर अर्ध्या वस्तीने बोहल्यावर चढण्याआधीची दाढी केली, तिला हा मनुष्य पायाने ढोसतो! अर्जदाराने त्याला दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला. लेक म्हणाली, ‘बाबा, जागा मोकळी व्हायला हवी हो.’ अर्जदार म्हणाला, ‘खुर्ची मी काढतो. पण तिची किंमत कळणाऱ्याच्याच घरी जाईल.’ आणि अशा रीतीने, शहाणपण सुचून, अर्जदार आपल्या लिलाव केंद्राच्या दारात आला. या शहाणपणाबद्दल कोणावरही कारवाई करावी अशी मागणी नाही.

४. आपल्या नियम नऊनुसार लिलावात गेलेली वस्तू ‘उचलून नेण्यास तयार’ ठेवावी लागते. म्हणून शेजारच्या वेल्डरला बोलावून बोल्ट काढले, दुकानाच्या दाराची एक फळकुटी उतरवली, खुर्ची दाराशी आणली. पैसे आले नाहीत. मग नियम चौदा आला. पुन्हा लिलाव करायचा तर वस्तूचा फोटो ‘मूळ जागी, वापरातील स्थितीत’ हवा. म्हणून पुन्हा वेल्डर, पुन्हा खुर्ची मधोमध, पुन्हा बोल्ट. नियम नऊ लिहिणारे आणि नियम चौदा लिहिणारे एकाच मजल्यावर बसत असतील तर त्यांची गाठ घालून द्यावी, ही नम्र सूचना. वेल्डरने आता अर्जदाराला पाहिले की आपणहून पाना काढायला सुरुवात केली आहे. जमिनीची भोके एवढी मोठी झाली आहेत की बोल्ट त्यांत नुसते उभे राहतात.

५. पहिला बोलीदार ‘शौकीन’ या नावाने होता. लिलाव संपायच्या शेवटच्या क्षणी त्याने बोली मारली. अर्जदाराला वाटले, हाच तो जाणकार. मग त्याने फोटो मागितले, पाठवले. खालून फोटो मागितला, अर्जदार जमिनीवर आडवा झाला. लिव्हर दाबल्यावर कसा आवाज येतो तो हवा म्हणाला, तोही रेकॉर्ड करून पाठवला. रोज रात्री झोपताना ऐकतो, असे त्याने कळवले. एवढे सगळे झाल्यावर एके दिवशी निरोप आला : ‘आमच्या हिला लाल रंग चालत नाही.’ मनुष्य रंगीत फोटो बघून बोली लावतो आणि रंग महिन्याने बघतो, याला काय म्हणावे हे अर्जदाराला अर्जाच्या भाषेत सांगता येत नाही.

६. दुसऱ्या लिलावात दोघे जण एकमेकांवर चढत गेले. किंमत अशी वाढत होती की लेकीनेही हातातले काम टाकून मोबाईलमध्ये डोके घातले. बाप-लेक शेजारी शेजारी बसून टाळ्या पिटत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर कळले की ते दोघे सख्खे साडू. एकाने सासुरवाडीला फ्रिज दिला म्हणून दुसऱ्याला धडा शिकवायचा होता, आणि शिकवायला अर्जदाराची खुर्ची सापडली. खुर्ची दोघांनाही नको होती. जिंकलेल्या साडूला फोन केला तर तो आनंदात होता. म्हणाला, ‘अहो काका, जिंकलो ना मी! आता खुर्ची घेऊन करू काय?’ हरलेल्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘मी हरलोय, माझ्या जखमेवर मीठ चोळू नका.’ साडूंच्या भांडणात खुर्ची पुन्हा मधोमध आली आणि बेसिनसाठी बोलावलेला नळवाला पाइप न जोडताच निघून गेला.

७. या दोन्ही प्रसंगी अर्जदाराने रीतसर तक्रार अर्ज केले. त्यांत घाई का आहे तेही लिहिले होते. लेकीची नोकरी सुटली होती, पार्लर उघडले नव्हते, आणि ती दिवसभर बंद दुकानात बसून कात्र्या पुसत होती. बापाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. त्या अर्जांचे उत्तर ‘अर्ज मिळाला’ असे आले. अर्ज मिळाला हे अर्जदाराला माहीत होते. टपालात त्यानेच टाकला होता.

८. तिसऱ्या लिलावात मात्र चमत्कार झाला. ‘सराव-तीन’ नावाच्या बोलीदाराने पहिलीच बोली दणदणीत लावली. समोर कोणी नसताना स्वतःच्याच बोलीवर त्याने आणखी चढवली. मग आणखी. असे उदार गिऱ्हाईक अर्जदाराने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. लेकीने नळवाल्याला परत बोलावले. अर्जदाराने खुर्ची पुसून, तेल देऊन, नियमाप्रमाणे फळी तिच्या पाठीला दोरीने बांधून, आपल्या केंद्राचे ‘विकले’ हे लेबल चिकटवून दाराशी ठेवली. उद्घाटनाचा दिवस ठरला. ‘सराव-तीन’ ना आला, ना बोलला. अर्जदाराने त्याला आर्जवाने लिहिले, रागाने लिहिले, शेवटी त्याच्या तब्येतीचीही चौकशी केली.

९. त्यानंतर आपल्या कार्यालयाचे पत्र आले. ते अर्जदाराने चष्मा पुसून दोनदा वाचले, मग लेकीला मोठ्याने वाचायला लावले. पत्रात असे म्हटले आहे की ‘सराव-तीन’ हे आपल्याच कक्षातील नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे खाते आहे. न भरलेल्या बोलीची तक्रार कशी हाताळावी हे शिकवण्यासाठी नमुना म्हणून एखादी वस्तू हवी होती. आणि सर्वाधिक तक्रारी असलेली वस्तू म्हणून अर्जदाराच्या खुर्चीची ‘निवड करण्यात आली’. सदर खात्यास पैसे भरण्याची सोय नाही. मात्र बोली वैध आहे, आणि जिंकणाऱ्याने खुलासा दिल्याशिवाय ती रद्द करता येत नाही. खुलासा द्यायला त्या खात्यात कोणी माणूस नाही. म्हणजे चोर सापडला, पण तो चौकीतच कामाला आहे.

१०. हे एवढ्यावर थांबले असते तर अर्जदाराने कपाळावर हात मारून गप्प बसणे पसंत केले असते. पण त्याच पत्राच्या शेवटी लिहिले आहे की विक्री तीनदा अपुरी राहिल्याने विक्रेत्याचे नाव ‘अविश्वासू विक्रेते’ या यादीत आपोआप गेले आहे. महोदय किंवा महोदया, ते नाव दुकानाचे आहे. तेच पाटीवर आहे, आणि ते आता लेकीचे आहे. मोबाईलवर दुकान शोधले की पत्त्याच्या आधी ‘अविश्वासू’ दिसते. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी हे लेकीला दाखवले. लेक हसून ‘होईल नीट’ म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. अर्जदाराने इतकी वर्षे लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरला, आणि कोणी डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्याला विश्वास म्हणतात. तो आपल्या यंत्राने आपोआप काढून घेतला, याचा अर्जदाराला मनापासून राग आला आहे.

११. आता कालची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा अर्ज खरा होणार नाही. लेकीने उद्घाटन पुढे ढकलले नाही. ‘आपल्या खुर्चीला वळसा घालून लोक येतील,’ असे म्हणाली. फारसे कोणी आले नाही. दुपारी एक बाई आपल्या लहानग्याला घेऊन आली. त्याला नवीन हलक्या खुर्चीत बसवले तर त्याने भोकाड पसरले. मग त्याला दाराशी ठेवलेली ती तांबडी खुर्ची दिसली. तो रडायचा थांबला, तिच्याकडे गेला आणि लिव्हरला लोंबकळू लागला. लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, ‘बाबा, फळी सोडा ना.’

नियम सोळाप्रमाणे विकलेल्या वस्तूची बांधाबांध सोडता येत नाही आणि ती वापरता येत नाही. अर्जदाराने कात्री घेतली आणि दोरी कापली. हात थरथरत होता, पण दोरीला त्याचे काय. मूल फळीवर बसले, दोन्ही मुठींनी कडा धरल्या आणि लेकीने त्याचे केस कापले. पोराने हूं की चूं केले नाही. लेकीने मग नळवाल्याला सांगून टाकले की बेसिन पलीकडच्या भिंतीला बसव. नियमभंग झाला आहे, तो अर्जदार आपणहून कळवतो.

तरी उपरोक्त सर्व बाबींचा विचार करून विनंती करण्यात येते की,

अ) अर्जदाराच्या दुकानाचे नाव यादीतून त्वरित काढावे. ही विनंती हसण्यावारी नेऊ नये. बाकी सगळे न्या हवे तर.

आ) ‘शौकीन’ यांना पुढील वेळी बोलीआधी घरी विचारण्याची सक्ती करावी. साडूंना एकाच लिलावात घेऊ नये.

इ) आपल्या नियमांनुसार सदर खुर्ची आता आपल्या कार्यालयाची झाली आहे, हे अर्जदार मान्य करतो. ती नेण्यासाठी पैसे भरावे लागतील, आणि आपल्या खात्यास पैसे भरण्याची सोय नाही. तोवर ती जपून, दुकानाच्या मधोमध, बोल्ट मारून ठेवण्यास व लेकीने वापरण्यास परवानगी असावी.

ई) यादीतले नाव काढण्याचे काम आपण लगेच कराल अशी आशा आहे. खुर्चीच्या बाबतीत मात्र कृपया आपली नेहमीची पद्धत सोडू नये. ‘अर्ज मिळाला’ एवढे कळवावे आणि पुढे काहीही करू नये.

रागावलेला, तरीही आपला नम्र,

अर्जदार
(सही वाकडी असली तरी खरी आहे.)

दिनांक : दुकानाच्या सुट्टीचा वार. दुकान उद्यापासून रोज उघडे.

सोबत :
१. जमिनीतील भोकांचा फोटो.
२. जिंकलेल्या साडूचा निरोप व हरलेल्या साडूचा निरोप, वेगवेगळ्या पाकिटांत.
३. आपल्याच पत्राची प्रत, आपल्याकडे नसल्यास.
४. कापलेली दोरी, लेबलासह.