पुढच्या दोन चाकांची गाडी

रावेर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
रतिलालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझी जीभ अजून जड आहे, म्हणून लिहितो. मे महिन्यातल्या झटक्यानंतर डावी बाजू काही परत आली नाही. काठी घेऊन ओट्यापर्यंत जातो, दमतो, पुन्हा खाटेवर येतो. केळीचा मळा सहा महिने पाहिलेला नाही. आपला गडी उखर्डू बघतो म्हणे.

एक खटाटोप केला आहे, रागावू नकोस. नशिराबादच्या मगन मिस्त्रीकडून जुन्या स्कूटरला पुढे दोन चाकं बसवून घेतली. मागे जोडचाकं असलेली गाडी आपल्या तिरप्या शेतवाटेवर कलंडते. हिची पुढची दोन्ही चाकं वळणावर बरोबरीने कलतात, आणि थांबताना डावीकडचा दांडा ओढला की गाडी उभी राहते, पाय टेकावा लागत नाही. मोठ्या रस्त्यावर चालणार नाही, शेतवाटेपुरतीच.

लता काही बोलत नाही. भाचरांना आशीर्वाद. भावावर माया असू दे.

तुझा,
रतिलाल

धुळे, १८ नोव्हेंबर २०२४

चि. रतिलाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी गोठ्याच्या छपरावरून उडी मारलीस तेव्हाही आधी उडी आणि मग विचार. अरे, डावा हात लुळा आणि दांडा डावीकडे, हे मगनला कोणी विचारलं का? लवकर बदलून घे. माझे गुडघे गेलेत, नाहीतर मीच आले असते.

दोन पानी पत्रात लताबद्दल चार शब्द. ती दुपारी घटकाभर तरी पडते का? बायको बोलत नाही म्हणजे बरी आहे, असं समजू नकोस. माले बठ्ठं समजस, आमच्या धुळ्याच्या बोलीत सांगते, मला सगळं समजतं.

जपून राहा, आणि कळवत जा.

अक्का

रावेर, २२ डिसेंबर २०२४

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. आदल्याच दुपारी लता घरात नाही असं बघून मी गाडी काढली. अर्ध्या वाटेवर थांबायला गेलो, डावा हात दांड्यापर्यंत पोचलाच नाही. गाडीसकट कडेच्या पाण्याच्या चारीत पडलो. थोड्या वेळाने समोरून लता आली, तिने मला उठवलं. ती त्या वाटेवर का होती, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मगनला म्हटलं, मोडून टाक. आठ दिवसांनी पाहतो तर खळ्यात लता गाडीवर, मगन मागून धरून. छप्पन्न वर्षांची बाई, आजवर सायकलवरही बसली नव्हती. काल सकाळी गाडी ओट्याला लावून म्हणाली, "तुम्ही मांगे बसा."

मळ्यात गेलो. मला वाटलं होतं, रान माजलं असेल. जुन्या खोडांच्या पिलांवर धरलेली पीलबाग कमरेला आलेली, वाफ्यात गवताची काडी नाही, ठिबकच्या नळ्या सरळ. उखर्डूने राखला म्हटलं, तर लता म्हणाली, तो आषाढातच काम सोडून गेला. तुम्हाला घोर नको म्हणून सांगितलं नाही. दुपारी मी झोपलो की ती निघायची. जाऊन येऊन सहा किलोमीटर, पायी, रोज.

अक्का, मी खाटेवर पडून माझ्याच पायांसाठी गाडी आखत होतो.

याहून जास्त लिहवत नाही. तिच्यासाठी दोन शब्द वेगळे लिही, मी अडखळत का होईना, वाचून दाखवेन.

तुझा,
रतिलाल