सुलतानचं आजोळ

पाटोदा

आदरणीय बद्रीनाथ दाजी,

मेहुण्या आश्रुबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे आणि आमच्या आक्काचा स्वभाव (सख्खी बहीण आहे म्हणून बोलतो) दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

माझं विचाराल तर अंगानं ठणठणीत आहे, पण आतून जळतोय. मांजरसुंब्याच्या चौकात आमच्या सुंदररावाचा फ्लेक्स लागलाय. माळेगावच्या यात्रेत त्याच्या सुलतान घोड्याचा पहिला नंबर आला ना, त्याचा. फ्लेक्सवर घोडा लहान आणि सुंदरराव मोठा (वर काळा चष्मा, त्यापेक्षा घोड्याला शोभला असता). ढाबेवाला त्याला उठून खुर्ची देतो. मी तिथलं जुनं गिऱ्हाईक, पण मला कांदासुद्धा दोनदा मागावा लागतो.

घोडा चांगला आहे, ते नाकारत नाही. पण सुलतानची आई कोण? माझी पाखरू! माझ्या दावणीला जन्मली, माझ्या हातचा हरभरा खाऊन वाढली. मी ती सुंदररावाला विकली आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी तिची महाराणी केली. (आपल्याकडे विकत आणलेल्या घोडीचं नाव नव्या सुनेसारखं बदलतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.) आता तुम्ही घोडेवाल्यांनी मोबाईलवर जी सामाईक वंशावळ उभी केली, तिच्यात सुलतानची आई महाराणी आणि महाराणीच्या मागे सगळं कोरं. जणू ती सुंदररावाच्या विहिरीतून निघाली!

दुरुस्ती कुणीही करावी आणि तपासून कुलूप तुम्ही घालावं, असा तुमचा नियम. म्हणून मीच बसलो. यादीत ‘पाखरू’ दिसली, सुलतानची आई म्हणून दाबलं. ती निघाली आष्टीच्या अजिनाथची, सुलतानच्या जन्माआधीच मेलेली. साऱ्या जिल्ह्यात बोभाटा झाला की सुलतान मेलेल्या घोडीच्या पोटी आला. (मला वाईट वाटलं, पण जरा उशिरा वाटलं.) पुढच्या बाजारात सुंदररावानं भर गर्दीत मला गाठलं.

“आश्रुबा, सून घरात आली का म्हायरचं नाव ऱ्हातंय व्हय? घोडी आमची, नाव आमचं!”

“नाव बदला,” मी म्हणालो, “पर म्हायर कावून पुसता?”

लोक हसले. कुणाला हसले ते मी विचारलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

तर दाजी, ‘महाराणी, मूळची पाखरू, आश्रुबाच्या दावणीची’ असं लिहून एकदाचं कुलूप घाला. वंशावळीत खोटं शिरलं की उद्या भावाला बहीण दाखवायला वेळ लागत नाही, हे तुमचंच बोलणं आहे.

आपला,
आश्रुबा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. आमची मैना घोडी माजावर आलीय. तिला सुलतान दाखवायचा आहे. तसलं एक शिंगरू माझ्या दारात पाहिजे म्हणजे पाहिजे. तुमचा शब्द सुंदरराव मोडणार नाही. नाव दुरुस्त करण्याआधी विचारलंत तर बरं.

आणखी ता. क. आमची कारभारीण केसरबाई वाचल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. वाचून म्हणाली, “अवो, मैना बी पाखरूचीच लेक हाय की! भावाला बहीण तुमीच दाखवायलेत. आन् पाखरूचा एवढा पुळका हाय, तर मैनेच्या नावाम्होरं तिचं नाव कावून न्हाई लावलं?”

मैना कुठल्या यात्रेत जिंकली नाही म्हणून राहिलं असेल. दाजी, हे वाक्य लिहून मला लाज वाटली. आधी मैनेची आई पाखरू असं लिहा, सुलतानचं नंतर. आणि सुंदररावाला घोडा मागू नका. एवढंच सांगा की पोराला आजोळी पाठवायची रीत असते, चार दिवस सुलतान माझ्या दारात बांधू दे. लोकांनी बघितला म्हणजे झालं. मैना तेवढे दिवस मळ्यात ठेवीन, पाखरूची शपथ.