तळ्यावरचं प्रकरण

मास्तर,

छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या पेट्या मी केल्या, त्यांचा एकूण एक खण माझ्या हातचा. सरस आणि गूळ कढवून शाईचा रूळ ओतला. पुस्तक शिवायची चौकट फणसाच्या लाकडाची. खळ, पुठ्ठे, पाठीवरचं कापड, तेही घरचंच. छापयंत्र तेवढं मुंबईचं. मोडकं आणलं आणि मीच चालतं केलं. शाळा दुसरीत सुटलेल्या माणसानं हे केलं, एवढं नोंदवून ठेवतो.

तुमच्या कादंबरीचे हक्क तुम्ही प्रकाशकाला कायमचे देऊन बसला होतात, आणि पुस्तक तर कुठं मिळेना. तुम्ही गेल्यावर मी दासगावहून बोटीनं मुंबईच्या चार खेपा केल्या. शेवटी प्रकाशकाचा मुलगा वैतागून म्हणाला, "न्या हो! उरलेल्या प्रती उंदरांनी वाचून संपवल्या." हक्क काकूंच्या नावे लिहून दिले. काकूंनी कागद देवापुढे ठेवला, मग मला म्हणाल्या, "छाप. पण ह्यांचं एक अक्षर गाळू नकोस हो."

तळ्यावरचं ते प्रकरण तुम्ही ओसरीवर वाचून दाखवताय, ते अजून दिसतं. अस्पृश्य बाई घागर घेऊन चवदार तळ्याच्या काठी उभी आहे. गुरं पाणी पिऊन जातात, तिला कुणी ओंजळभर घालत नाही. मी मध्येच म्हणतो, "मास्तर, त्या बाजूला पायऱ्या नऊ आहेत, तुम्ही सात लिहिल्यात." तुम्ही चष्मा काढता. "पायऱ्या मोजल्यास. ती किती वेळ उभी आहे, ते मोजलंस का रे?"

माझ्याकडे खिळे आठ पानांपुरतेच. आठ पानं जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सोडवून पुढची आठ. या प्रकरणाची पानं जुळवून बांधली, आणि पोलादपूरकडचे एक खोत दारात. सत्याग्रह झाल्यापासून तळ्याचं नाव काढलं तरी इथं माणसं तापतात. सुपारी कातरत म्हणाले, "अरे, येवढं येक प्रकरण नाय छापलंस तर मास्तर काय उठून येणार हाय? ते सोड, बाकीचा खर्च माझा. वर नवे खिळे घे."

प्रकरण छापलं, मास्तर. पुस्तक पुरतं झालं. लोकांना मी सांगतो, खोतांना तोंडावर नकार दिला. खरं तसं नाही. "विचार करून सांगतो" म्हणालो. तीन दिवस ती पानं तशीच बांधलेली, यंत्र बंद, आणि मी नव्या खिळ्यांचे भाव लिहून काढत बसलेला. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन नाही म्हणून आलो. चारशे रुपये देत होते.