वाळू पेरलेलं व्हार्निश

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, बाबा सोडून. अर्धांगवायूनंतर ते चालू लागले, पण परवा होडीच्या ओल्या फळ्यांवर घसरलेच. लागलं फारसं नाही. मन मात्र मोडलं. जन्मभर या काठाची माणसं त्या काठाला नेली, आता होडी विकून टाकू म्हणतात. महिनाअखेरीस गिऱ्हाईक येणार आहे. तुम्ही गोदीत एवढ्या बोटींना व्हार्निश करता. फळ्या खाऱ्या पाण्यात टिकतील आणि पायही सरकणार नाही, असं काही आहे का?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

आहे की! वाळू. नदीची, बारीक. गोड्या पाण्यात नीट धू. मीठ राहिलं तर ओल धरते आणि व्हार्निशचे पापुद्रे सुटतात. तव्यावर कोरडी करून चाळ. फळ्याही धुऊन सुकव, सँडपेपरने त्यांची चकाकी घालव. पहिला हात पातळ दे. दुसरा ओला असतानाच वाळू भुरभुर, आणि सुकल्यावर वरून आणखी एक हात. भर उन्हात लावलंस तर फोड येतील. घाई केलीस तर कान पिळायला मी येईन! डबा पाठवतोय. भावोजींना विचारत बसू नकोस. ‘नको’ त्यांच्या जिभेवर तयारच असतं.

ताईला नमस्कार, तुला शाबासकी आगाऊ.
तुझा मामा

२ मार्च

मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नका. माझ्या आरशासारख्या फळ्यांची पोरीने पार मगरीची पाठ करून टाकली. मी तिला नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, आधी पाय ठेवा, मग बोला; आणि तिने बादलीभर पाणी ओतलं. भीतभीत उतरलो. पाय ठेवला तिथेच राहिला! टोकापर्यंत गेलो, परत आलो, कुणाचा हात न धरता. तुमची ताई काठावर उभी राहून रडत होती आणि वर मलाच दटावत होती की हळू चाला.

गिऱ्हाईक आलं, त्याला मीच पलीकडे फिरवून आणलं. सुकाणूला एक हात पुरतो. होडी झकास आहे म्हणाला. म्हटलं, म्हणूनच विकत नाही.

आभार कसे मानतात ते मला जमत नाही. पोरीला विचारलं, तर म्हणाली सरळ लिहा. तर सरळ लिहितो: तुमच्यामुळे मी आज कामावर गेलो.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
आपला,
नावाडी