परतीचा डबा

आप्पा, तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली. तुमच्यामागं निपाणीची तंबाखूची वखार मोडली आणि आई माझ्याकडं खासबागेत राहायला आली. इंग्रज आता निघणार म्हणतात, घरात सगळ्यांच्या तोंडी तेच. मी मात्र परवापासून एका घोड्याचा विचार करत बसले आहे. आई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, पोटात दूध गेल्याशिवाय ताकद यायची नाही, आणि ती दुधाला शिवत नाही. परवा आपला जुना मोतद्दार तिला बघायला आला होता, आपल्या तांबड्या घोड्याची देखभाल करणारा. त्याला अंगणात हे सांगितलं. "आक्का, त्यो नेम अजून हाय व्हय?" म्हणाला. मग खरं काय झालं होतं ते त्यानं सांगितलं.

निपाणीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची आहेत, तुम्ही पाटावर बसलाय आणि घास घेता घेता खर्चाचं रडगाणं चाललंय. पुण्याच्या शर्यती यायच्या नेमक्या आपल्या चातुर्मासात. तांबडा कोल्हापूरच्या स्टेशनापर्यंत चालत जायचा, तिथून रेल्वेचा घोड्यांचा खास डबा, आतून गादी मारलेला. डब्याचं भाडं, मोतद्दाराचं तिकीट, हरभऱ्याची पोती, पुण्यातली पागा. "घोडा पळणार घटकाभर, आणि त्याला न्यायला-आणायला माझं कंबरडं मोडतंय," असं तुम्ही म्हणायचा. आई भाकरी थापत म्हणायची, "मला म्हायेरला जायाला बैलगाडी मोकळी नसती, आन् ह्याला गादीचा डबा." तुम्ही हसायचा. पण निघताना तांबड्याला गूळ तीच भरवायची. शेवटच्या खेपेला तिचा जीव था‍ऱ्यावर नव्हता. बस्तीत, आपल्या जिनमंदिरात, देवासमोर उभी राहून तिनं नेम घेतला, तांबडा सुखरूप घरी येईपर्यंत दूध-तूप सोडलं.

आणि तुम्ही तांबड्याशिवायच परत आलात. "घोडा पुण्यालाच ठेवलाय. दर साली न्यायचा-आणायचा खर्च कोण सोसणार?" तुम्ही म्हणालात. पटलं आम्हाला. रोज तेच तर ऐकत होतो. पुढच्या वर्षी आईनं विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही विचारलं. डब्याचं भाडं वाढलंय, बघू, असं तुम्ही म्हणायचा. समोर आई कोरडी भाकरी मोडत असायची आणि तुमच्या भाकरीवर तीच लोणी घालत असायची.

मोतद्दार सांगत होता, "परतीला मालकांनी गादीचा डबा केलाच न्हाय. म्हणालं, हरल्यालं घोडं काय गादीत न्यायाचं, घाल मालडब्यात. मी म्हणलं, मालक, उभं ऱ्हायाला आधार न्हाय त्याला. ऐकलं न्हाय." मिरजेला डबे तोडता-जोडताना जोराचा धक्का बसला, तांबडा आडवा झाला आणि त्याचा पाय मोडला. रेल्वेतला गोरा साहेब बंदूक घेऊन आला आणि गोळी घालू का, असं त्यानं तुम्हाला विचारलं. "मालकांनी नुसती मान हलवली आन् तोंड फिरवलं. मला म्हणालं, घरात बोलशील तर तुझा-माझा संबंध न्हाय."

आप्पा, तुम्ही पाणी गाळून प्यायचा. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून दिवा मालवायचा. तुम्ही मान हलवलीत? बरं, तळमळणाऱ्या जिवाला सोडवलं म्हणू. मालडबासुद्धा समजून घेईन, व्यापारी माणूस, हात आखडला असेल. पण त्यानंतर रोज त्या बाईसमोर बसून तुमच्या गळ्याखाली घास कसा उतरला, हे मला कळत नाही. मला तुमचा राग येतोय, आणि रागापेक्षा धक्काच जास्त बसलाय.

मला दम धरवला नाही. आत गेले आणि म्हटलं, "आई, तांबडा आता यायचा नाही."

"म्हायती हाय की गं," ती म्हणाली.

ती शांतपणे बोलत होती. "त्येंच्या गठुड्यात तांबड्याच्या तोंडाची मोरकी हुती. घोडं पागेत ठिवून येणारा माणूस त्याची मोरकी काढून आणतो व्हय? तवाच वळीकलं मी."

"मग दूध का नाही घेतलंस?"

"पयला नेम घोड्याचा हुता. मोरकी बघितली आन् बस्तीत जाऊन दुसरा घेतला. हे आपल्या तोंडानं मला खरं सांगतील, तवाच दूध घीन. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणत ऱ्हायले." मग तिनं माझा हात धरला. "जाताना तूच हुतीस त्येंच्याजवळ. काय बोललं हुतं का गं?"

मी हो म्हटलं. आप्पांनी सगळं कबूल केलं, आईला सांग म्हणाले, मलाच इतकी वर्षं धीर झाला नाही, असं म्हटलं. तिनं मला फैलावर घेतलं, पुष्कळ बोलली, तुमचं मौन मी माझ्या अंगावर घेतलं. मग म्हणाली, "आण जा दूध." पेलाभर प्यायली आणि भिंतीकडं तोंड करून रडली.

आज सकाळी तिनं आपणहून दूध मागितलं. वर म्हणाली, "माणूस वाईट न्हवतं गं. सांगितलं की शेवटी."

आप्पा, शेवटी तुम्ही मला "वखारीला कुलूप लावलंस का?" एवढंच विचारलं होतं.