अप्पांनी रचलेली गंजी

॥ श्री ॥
कोडोली,
२० जानेवारी २०१९

चि. अनुजास दादांचे अनेक आशीर्वाद.

परवाच फोनवर बोललो तरी पत्र लिहितोय, कारण अप्पांचा हुकूम. फोनवरचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं पुन्हा वाचून घेता येतं, असं त्यांचं म्हणणं. वय सत्त्याण्णव, डोळे गेले, हेका मात्र जागच्या जागी. तुझी आई म्हणते, नात आजोबांवरच गेलीय.

तू इटलीत चीज करायला शिकतेस हे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. त्यांच्या एत्तोरेच्या गावाला तू जाऊन यायचं. लहानपणापासून ऐकत आलीस, तरी नीट लिहायला सांगितलंय. महायुद्धात त्यांची पलटण आफ्रिकेत पकडली गेली, इटलीतल्या छावणीत डांबली, त्रेचाळीस साली इटलीने शरणागती पत्करली, छावणीची दारं उघडली तसे अप्पा डोंगरात पळाले. मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता. एत्तोरे आणि त्याची बायको असुंता यांनी दोन महिने त्यांना माळ्यावर लपवून जेवू घातलं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी त्यांच्या मक्याच्या ताटांची गंजी रचून दिली, आपल्याकडची, लांबट, घराच्या आढ्यासारखी. थेंब आत जाणार नाही अशी. हे सांगताना त्यांचा चेहरा अजून उजळतो.

हेडमास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेऊन त्यांनी अकरा पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही. विसरले असतील, म्हणतात, पण तोंड पाडून बसतात. तू जा, खुशाली विचार आणि सविस्तर लिही. इकडे शाळू काढायला आलाय. यंदाही खाटेवर बसून गंजी अप्पाच सांगून रचून घेणार. ऊस कारखान्याला गेला, म्हशी ठीक. थंडीत कानाला बांधत जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझे दादा


१७ फेब्रुवारी २०१९

ती. दादांस अनुजाचा शि. सा. न.

हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा. अप्पांना वाचून दाखवू नका.

मी गेले होते. एत्तोरेचं घर नाही. चार भिंती आहेत, जळलेल्या, आत झाडं वाढली आहेत. गावाच्या तोंडाशी दगडावर दहा नावं कोरली आहेत. त्यात एत्तोरे, असुंता आणि त्यांचा सोळा वर्षांचा जीनो. बाकीचे सात शेजारचे. वाचली फक्त त्यांची मुलगी नेल्ला. तेव्हा नऊ वर्षांची होती, त्या सकाळी झऱ्यावर पाण्याला गेली होती. आता पंच्याऐंशीची आहे. मी ओळख सांगायच्या आधीच तिने मला ओळखलं. रंग आणि कपाळ त्या शिपायाचंच, म्हणाली.

दादा, ते गंजीमुळे गेले. तिकडे सगळे जण मधे खांब रोवून गोल गंजी रचतात. अप्पा पहाटे निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी जर्मन शिपाई आले. त्यांच्याबरोबर जवळच्याच गावचा एक माणूस होता. त्याने ती लांबट गंजी पाहिली आणि ही कुणी रचली म्हणून विचारलं. एत्तोरे म्हणाला, मी. मग त्यांनी अर्धी गंजी पाडली आणि ती पुन्हा तशीच रच म्हणून त्याला उभं केलं. एत्तोरेने पुष्कळ खटपट केली. हाताला सवय गोल रचायची, ती गोलच होत गेली. तिथेच, त्या ताटांपाशी त्यांनी सगळ्यांना गोळ्या घातल्या. परक्या शिपायाला आसरा दिला की गावाला हे भोगावं लागेल, असा त्यांनी आधीच दम दिलेला होता. झऱ्यावरून परतताना नेल्लाने हे सगळं झुडपाआडून पाहिलं.

अप्पांची अकराही पत्रं तिच्याकडे डब्यात आहेत. एकही फोडलेलं नाही. आत आभार असतील आणि ते आपल्याच्याने वाचले जाणार नाहीत, म्हणाली. तिने मला सूप दिलं. निघताना तिने एकच विचारलं. माळ्यावरून उतरू नको म्हणून आईने हातापाया पडून सांगितलं होतं, मग तो बाहेर का आला? अप्पा गंजी रचत होते तेव्हा पेंढ्या उचलून नेल्लाच देत होती. तेही तिने सांगितलं.

मी काय उत्तर देऊ? अप्पांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही. रोज रडू येतं. आईला नमस्कार. तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमची अनुजा


॥ श्री ॥
कोडोली,
१५ मार्च २०१९

चि. अनुजास,

अप्पा बोलतात तसं उतरवतोय. एक शब्द बदललास तर बघ, म्हणालेत. दादा.

पोरी, तुझा बाप खोटं बोलाय कच्चा हाय. पत्राचा कागद तीनदा उलटल्याला मला ऐकू आला आन वाचल्या चारच ओळी. सगळी खुशाल हायत म्हणाला. मग मी जेवायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं वाचलं. दोनदा वाचून घेतलं.

नेल्लाला सांग, मी का उतरलो ते. दोन म्हैने त्यांच्या ताटातलं बसून खाल्लं. त्यांचं त्यास्नीच पुरत न्हवतं. असुंता आपली भाकरी मोडून मला द्यायची. मी शेतकऱ्याचा पोरगा, मला लाज वाटली. जाताना कायतरी करून जावं म्हटलं. दुसरं काय येतच न्हवतं मला. एवढंच हाय कारण, ह्याच्यापेक्षा मोठं काय न्हाय. पेंढ्या मी मागितल्या म्हणून तिनं दिल्या. नऊ वर्साच्या पोरीचा त्यात काय संबंध न्हाय, हे तिला माझ्या नावानं सांग. आन पत्रं जाळून टाक म्हणावं. आत तिनं म्हटलं तसंच हाय, आभार.

शहात्तर वर्सं मी गावाला ती गंजी सांगत आलो, लगीनघरात, पारावर. एत्तोरे तिथं ताटं हातात घेऊन हुबा हाय, आन त्याला जमंना. मी शिकवून गेलो न्हाय त्याला. शिकवाय अर्धा दिस लागला असता.

दारातली यंदाची गंजी पाडाय लावलीया. कडबा अंगणात पसरून पडलाय. वळवाचा पाऊस ईल, भिजू दे. तुझी आई रडती, रडू दे.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिवायचा आसतो. तेवढा ह्या खेपंला तुझ्या बापाकडनं घे.

अप्पा