जिवंत आईचा दुखवटा

कोपर, डोंबिवली (प.)
१० नोव्हेंबर २०२५

चि. महेंद्र यास ताईचे आशीर्वाद. किती, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

फोनच करणार होते. पण आपल्या दोन खोल्यांत मी तुला जे बोलले असते ते आईला ऐकू गेलं असतं. म्हणून पत्र.

काल सकाळी दाराशी मोठी गाडी थांबली. कळव्याच्या आवडाबाई, तुमच्या एजन्सीचं मोठं गिऱ्हाईक. मागे ड्रायव्हरच्या हातात तांदूळ, साखर आणि माझ्यासाठी साडी. महेंद्रची आई गेली, दुखवटा घेऊन यायला उशीरच झाला, म्हणाल्या. पत्ता ऑफिसातून मिळवलेला. दार आईनेच उघडलेलं.

मी हात पुसत बाहेर येते तर त्या आईच्या गळ्यात पडून रडतायत आणि रडता रडता विचारतायत, तुम्ही तिच्या कोण? आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, थोरली बहीण, कणकवलीहून आलेय. अरे, आपल्या आईला बहीणच नाही! मी चहाच्या निमित्ताने आत पळाले ती ओट्याला धरून उभी राहिले. तासभर त्या बोलत होत्या, आई ऐकत होती. त्या निघताना मेलेल्या बाईबद्दल आईने चार बरे शब्दही काढले. नंतर तांदूळ निवडायला घेतला आणि म्हणाली, चांगला आहे, जुना दिसतो. बस, एवढंच.

नोकरीत तुला काय काय विकावं लागतं मला ठाऊक नाही. पण घरातली वस्तू काढताना माणूस घरात एकदा विचारतो.

आई कशाने गेली तेवढं कळव. शेजारी विचारतायत.

अजून तरी तुझी,
हेमाताई

ठाणे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. हेमाताईस सा. न. वि. वि.

कशाने गेली ते इथे लिहवत नाही.

आमच्या जाहिरातीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला अकाउंट म्हणतात आणि ते वाढवायचं असतं, कुंडीतल्या तुळशीसारखं. आवडाबाईंच्या घराची पूर्वी मिठागरं होती. आता त्या जमिनींवर थोरल्याचं हॉस्पिटल, मधल्याची शाळा, धाकट्याचा लग्नाचा हॉल. तिघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे काम होतं फक्त हॉलचं. बाकी दोन हवे असतील तर वाट एकच, तिघांची आई.

आम्ही प्रत्येक माणसाचा तक्ता ठेवतो. वाढदिवस कधी, पथ्य काय, कशावर चिडतो, कशाने विरघळतो. आवडाबाईंच्या रकान्यात मीच भरलेलं: आई दसऱ्यात गेली, विषय काढावा. काढला. त्या ढसाढसा रडल्या. मला काही सुचेना आणि तोंडातून निघून गेलं, की माझीही आई नुकतीच गेली. पुढच्या आठवड्यात शाळा आमच्याकडे आली. नातं कसं जोडावं याचा नमुना म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये मला उभं केलं. टाळ्या पडल्या, ताई. मी घेतल्या.

पत्ता माझ्या हाताखालच्या कृतिकाने दिला. तिला बिचारीला काय माहीत!

हॉस्पिटलचं डिसेंबरात ठरेल. तेवढा महिना आईला मावशी राहू देशील का? हे लिहिताना लाज वाटतेय आणि तरी लिहितोय, यावरून मी कुठवर आलोय ते ओळख.

लोभ मागायचं तोंड नाही.
महेंद्र

कोपर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. महेंद्र,

आशीर्वाद संपले. बातमी आहे.

आवडाबाई परवा पुन्हा आल्या. हॉस्पिटलच्या दाराशी पाणपोई बांधतायत, दोन्ही आयांच्या नावाने. संगमरवरावर वर त्यांची आई, खाली आपली, दोघींच्या मागे कै. आपल्या आईचं पूर्ण नाव आणि जन्मसाल हवं होतं. आईने समोर बसून सांगितलं, भाच्याला विचारून कळवते. कारागीर सोमवारी कोरायला बसणार.

आई म्हणते, मावशी होईन, दगड होणार नाही. पण आवडाबाईंना ती स्वतः सांगणार नाही. तुला मान खाली घालायला लावणं तिला जमत नाही म्हणे. म्हणून मी लिहिते. ती मान तुझी तूच खाली घाल, आणि सोमवारच्या आधी घाल.

हेमा

ठाणे
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आईच्या चरणी महेंद्रचा शि. सा. न.

काल कळव्याला गेलेलो. आवडाबाई ओटीवर वाल सोलत बसलेल्या. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. पहिलं काय विचारलं तर, माझ्यापुढं काय लिवलंय तुमच्या कागदात? मोबाइल काढून वाचून दाखवावं लागलं. आई, स्वतःचं अक्षर इतकं घाणेरडं असू शकतं हे मला छापील अक्षरात कळलं.

मग विचारलं, माझ्या पोरांचं पण आहे का? म्हटलं, आहे. तिघं एकमेकांशी का बोलत नाहीत, ते? तेही आहे म्हटलं. म्हणाल्या, मला कोण सांगत नाही, तू वाच. नको म्हणालो. वाच म्हणाल्या. वाचलं. काय होतं ते तुला लिहीत नाही, पण त्यात त्यांचंच नाव होतं. तेव्हा हात थांबला.

पाणी दिलं, प्यायला लावलं आणि जा म्हणाल्या. दगडावरचं नाव काढायला माझ्यादेखत फोन केला. एजन्सीचं काम सुरू ठेवणार आहेत, फक्त यापुढे जिने खरा पत्ता दिला त्या पोरीने यायचं. साहेबांनी मला आतल्या टेबलावर बसवलंय. तिथे कोणाशी नातं जोडावं लागत नाही.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून येत नाही. क्षमा मागायलाही तक्ता लागेल अशी भीती वाटते.

तुझा,
महेंद्र

कोपर
२७ नोव्हेंबर २०२५

चि. महेंद्र यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. काल आवडाबाई आलेल्या. मावशी म्हणता येईना, म्हणून त्या अडल्या, तेव्हा मी माझं नाव सांगितलं. मुलांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

एक गोष्ट हेमाला ठाऊक नाही, ती तेव्हा चहा करत होती. पहिल्या दिवशी त्या बाईंनी मला माझं मरण सांगितलं, तू त्यांना सांगितलेलं तसं. तू रजा टाकून अकरा दिवस उशाशी बसलेलास. वेणी घालायला शिकलास. पेज फुंकून भरवलीस. शेवटचं पाणीही तुझ्याच हातचं. सांगताना त्यांचे डोळे भरले आणि माझेही भरले. ते नाटक नव्हतं रे. वाटलं, एवढं सगळं याला सुचलं, म्हणजे आत कुठेतरी असणार.

गणपतीत येतो म्हणालेलास, दिवाळीत म्हणालेलास. कामं असतात, मी धरून बसलेली नाही. पण तो मुलगा मला आवडला. मी गेल्यावर येऊन तो माझ्या काय कामाचा? त्याला एकदा इकडे पाठव. बरोबर तू आलास तरी चालेल.

तुझी,
आई